कवचातली खिडकी

कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांची सत्तावीस वर्षं गेली. विद्यार्थी त्यांना ‘खिडकीकाका’ म्हणत, कारण अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडावी तर त्यांनीच. तीन दिवस उबवलेल्या अंड्याला चिकटपट्टी लावून ते हलक्या कात्रीने उघडत, आणि आत मोहरीएवढा लाल ठिपका धडधडताना दिसला की वात्रट पोरंही चिडीचूप होत.

दर खेपेला एखाददुसरं अंडं मात्र कोरं निघे. काका ते मनाला लावून घेत. यंदा डझनात चार तशी निघाली, तेव्हा त्यांनी नव्या मॅडमना सांगितलं, की उबवणीपेटीच्या तापमानात आपलंच काहीतरी चुकलं असणार.

मॅडमनी पेटी तपासली. तापमान चोख होतं. मग त्यांनी समजावलं, की काही अंडी मुळात फळलेलीच नसतात, आणि काहींत एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होतानाच गुणसूत्रांची वाटणी चुकते. तो गर्भ पुढे सरकत नाही.

काका हातातलं फडकं चुरगाळत उभे राहिले. “माणसांतही असंच?”

“हो काका. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यातले निम्मे तरी याच कारणाने. त्यात आईचा काही दोष नसतो.”

काकांच्या बायकोला दोनदा दिवस गेले होते, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. हिने पाण्याच्या बादल्या उचलल्या म्हणून झालं, असं त्यांच्या आईने येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं होतं. काकांनी तेव्हा तोंडातून ब्र काढला नव्हता. मनातून त्यांनाही तसंच वाटत होतं.

संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ते समोर बसले आणि अडखळत अडखळत मॅडमचं बोलणं सांगितलं.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “दवाखान्यातल्या नर्सने तेव्हाच सांगितलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“माझं कोण ऐकणार होतं? तुम्ही बोलायला हवं होतं.”

काका उठून आईच्या खोलीत गेले. आईला आता कमी ऐकू येई, त्यामुळे हळू सांगायचं ठरवलेलं ओरडून सांगावं लागलं. शेजाऱ्यांनाही कळलं असेल. म्हातारी चादरीचं टोक चाळवत राहिली. मग सुनेला हाक मारून तिने जवळ बसवलं आणि तिचा हात धरला. सुनेने हात सोडवून घेतला नाही.

काका दारातच उभे राहिले. वीस वर्षं उशीर झालाय, हे त्यांना कळत होतं.