जिनदत्तभाऊंचा उजळणारा बुटका

जिनदत्तभाऊ, स्पष्टच लिहिते, तुमच्या बागेची मला किळस येते. सांगलीत हळदीची अडत सांभाळताना तुम्ही दिवस मावळायच्या आत जेवायला घरी पोचायचात. दिव्यावर किडे येऊन मरतात म्हणून अंगणात कधी बल्बसुद्धा लावू दिला नाहीत. शेजारीण म्हणून मला त्याचं कौतुक होतं. आणि अडत मुलाकडे सोपवल्यावर तुम्ही काय आणलंत? उन्हावर चार्ज होणारे प्लॅस्टिकचे हंस, हिरव्या डोळ्यांचं हरीण आणि पोट उजळणारा दाढीवाला बुटका!

अंधार पडला की त्या पोटावर पतंग आणि चिलटं आपटत राहतात. खाली मेलेल्या किड्यांचा थर साचतो आणि त्यावर पाली टपलेल्या असतात. तुमच्या पत्नी आक्काताई रोज संध्याकाळी जाईच्या वेलापाशी सामायिकाला, तुमच्या जैन ध्यानाला, डोळे मिटून बसायच्या. आता बुटका नेमका तिथंच उभा, पाऊल कुठं टाकावं तेच त्यांना कळेना.

"आवं, किती जीव मारताय?" त्या म्हणाल्या.

"मी कुठं दिवा लावतोय? बटनसुद्धा दाबत न्हाई. सगळं सूर्यच करतोय."

"मग बाजारातनं बुटका सूर्यानंच आणला व्हय?"

मी खो खो हसले, तुम्ही फुगून बसलात. दुसऱ्या दिवशी मात्र मला म्हणालात, "दुकानातली रिकामी पोती आणतो, तुमी ह्यांना खोळी शिवा. ऊनच लागलं न्हाई तर पेटतील कशी?" मी दाभण-सुतळी काढून ठेवली. पोती काही तुम्ही आणली नाहीत, आणि आक्काताई अजून आतल्या खोलीत खिडकी लावून बसतात.