संत्र्याच्या सालीचा वास

प्रभाकरराव गेल्याचा धक्का मला बसला नाही, कारण मी दवाखान्यात त्यांच्या उशाशीच होतो. आता सहा आठवडे झाले. माझ्या धाकट्या बहिणीचा, कुंदाचा नवरा. वरूडला संत्र्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये माल निवडायचे. फळ नुसतं हातात घेऊन आतून पोचट की रसाळ, ते सांगायचे. मोठा गुणी माणूस, पण वीस वर्षं दारू प्यायला.

मी एसटीत तिकिटं तपासायचो. समोरचा खोटंच बोलतो असं धरून चालणं, ही माझी नोकरी. अमरावतीहून त्यांच्याकडे गेलो की आधी गळाभेट घ्यायचो. माया कसली, तोंडाचा वास घ्यायला! मग पाण्याची बाटली हुंगायची, न्हाणीत डोकावायचं. त्यांना सगळं कळायचं. "झाली का तपासणी, भाऊ?" म्हणायचे आणि हसायचे. मला त्या हसण्याचाही संशय यायचा.

तिकडे पिणारे वास लपवायला संत्र्याची हिरवी साल चघळतात. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी दारू सोडली तरी आमचा विश्वास बसेना. साल सुटली नव्हती ना! "तलफ आली का साल चावतो, भाऊ. तोंडाले कायीतरी लागते न," ते म्हणायचे. कुंदा फोनवर सांगायची, "आजही सालीचा वास येऊन राहिला." मी म्हणायचो, मग घेतलीच असेल. अहो, दिवसभर संत्र्यांत बसणाऱ्या माणसाला दुसरा कसला वास येणार... एवढं साधं डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी सकाळी सकाळी तिचा फोन आला.

"भाऊ, हे बोबडं बोलून राहिले. हात थरथरून राहिले. मले ओळखतच नाही. दवाखान्यात नेऊ काय?"

"वास कशाचा येतो?"

"सालीचा."

"मग झोपू दे. उतरली की उठतील."

दुपारपर्यंत उठेनात, तेव्हा तिनं गाडी करून अमरावतीला आणलं. डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. "रक्तात दारू नाही. जुन्या पिण्यानं यकृत गेलंय. तसं झालं की माणूस न पिताही प्यायल्यासारखा बरळतो. अशा वेळी झोपवून ठेवायचं नसतं. सकाळीच का नाही आणलं?"

उशिरा कळलं, मी म्हणालो. साफ खोटं. तिसऱ्या दिवशी प्रभाकरराव गेले.

कुंदा अजून त्यांच्यावर चिडून आहे. "शेवटी पेलाच. मले फसवून गेला," म्हणते. तेरवीला तिनं फोटोला हार घालू दिला नाही. फोटो कपाटावर पालथा पडलाय. मी तिथं बसून सगळं ऐकलं, चहा प्यायलो आणि गुपचूप घरी आलो... लाज वाटते सांगायला.

कुंदा रविवारी ही पुरवणी वाचते. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं लिहितो. कुंदे, त्या दिवशी ते प्यायले नव्हते. वर्षभरातही प्यायले नसणार, आपणच विश्वास ठेवला नाही. तू दवाखान्यात न्यायला निघाली होतीस, झोपू दे असं मी सांगितलं. फोटो सरळ कर.