मुलं उतरली की घालायचा चष्मा

माझ्याकडे चष्मा होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या डॉक्टरांपुढे बाकीचं सगळं ओकलो त्यांनाही नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी ड्रायव्हर होतो. कॉलनीतली मुलं शाळेत पोचवायची आणि परत आणायची बस माझ्याकडे होती. तीसेक मुलं, आठ-दहा किलोमीटर रस्ता. पंचविशीनंतर मला लांबचं पुसट दिसायला लागलं. नगरला जाऊन गुपचूप डोळे तपासले. नंबर निघाला. चष्मा करून घेतला आणि पुसायच्या फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवला.

कारण असं, की आमच्याकडे चष्मा लागला की ड्रायव्हरची रवानगी गेटवर, राखणीला. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण होत आलं होतं. माझ्या आधीचा ड्रायव्हर तसाच गेटवर गेलेला. येणारा जाणारा त्याला ‘चार डोळे’ म्हणायचा. तोच मला एकदा म्हणाला, “गड्या, काय बी कर, पर चष्मा लावू नको. हितं बसून माश्या मारायच्या म्हंजी दिस लई मोठा असतोय.”

दर वर्षी हंगामाच्या तोंडावर कारखान्याच्या दवाखान्यात ड्रायव्हरांचे डोळे तपासत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर्षानुवर्षं तोच, त्याच खिळ्याला. मी आदल्या दिवशी खोकल्याचं औषध मागायला जायचो, तक्त्याजवळ रेंगाळायचो आणि अक्षरं पाढ्यासारखी पाठ करायचो. पाच वर्षं असा पास झालो.

मुलं शाळेत उतरली की रिकाम्या गाडीत मी चष्मा घालायचो. झाडाचं पान न् पान दिसायचं. दुपारी मुलं चढायच्या आधी तो काढून परत सीटखाली. मुलं घरी जाऊन सांगतात ना. म्हणजे गाडी रिकामी असताना मला दिसायचं, आणि भरलेली असताना दिसायचं नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली.

एका थंडीत सकाळी धुकं होतं. पुढं उसाची बैलगाडी चाललेली मला दिसलीच नाही. दिसली तेव्हा हातभर अंतर. ब्रेक दाबला, मुलं एकमेकांच्या अंगावर पडली. कुणाला लागलं नाही. उलट सगळी हसायला लागली, “काका, परत एकदा! परत एकदा!”

त्याच आठवड्यात सुट्टी काढून पुण्याला गेलो. लेझरनं नंबर जातो असं ऐकलं होतं. तिथल्या दवाखान्यात म्हणाले, होईल, पण तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, डोळे तपासून नंबर लिहिलेली. कारखान्याची रजाही त्याच चिठ्ठीवर मिळणार होती.

आमच्या डॉक्टरांनी माझी फाईल उघडली.

“काय रे, पाची वर्षं तुझी नजर एकदम पक्की. लेझर कशाला? सिनेमात जातोस की काय?”

“न्हाई साहेब. लांबचं दिसत न्हाई.”

“मग हे मी झोपेत लिहिलं?”

खोटं टिकवलं तर चिठ्ठी मिळणार नव्हती. मी तक्त्याकडे पाठ केली आणि वरपासून खालपर्यंत सगळा म्हणून दाखवला. शेवटची मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा.

डॉक्टरांनी फाईल मिटली. मग म्हणाले, “उलटा येतो?”

“येतो, साहेब.”

ते हसले. हसता हसता थांबले. “माझी पोरगी बसते रे तुझ्या गाडीत.”

“व्हय, साहेब.”

“किल्ली ठेव.”

मी किल्ली टेबलावर ठेवली. वाटलं होतं, नोकरी गेली म्हणून रडू येईल. आलं ते वेगळंच. खांदे खाली आले, आणि किती वर्षं ते वर आवळून बसलो होतो ते तेव्हा कळलं. डॉक्टरांनी भिंगं लावून नंबर काढला. त्या दुपारी मी बाहेरच्या बाकड्यावर बसून डबा खाल्ला आणि तिथंच गाढ झोपलो. कंपाउंडरनं हलवून उठवलं, हातात चिठ्ठी दिली.

डॉक्टर आतूनच म्हणाले, “पाच वर्षं तक्ता बदलला नाही ही माझी चूक. ती मी वर लेखी कळवतोय. तुझी तू बघ.”

पुण्याला आधी एक डोळा केला, मग दुसरा. दोन-तीन दिवस चुरचुरलं, पाणी वाहिलं. एसटीनं परत येताना केडगावच्या अलीकडेच लांबच्या दुकानाची पाटी वाचता आली, तर मी शेजारच्या अनोळखी माणसाला ती मोठ्यानं वाचून दाखवली. तो म्हणाला, “बरं मग?” मी म्हटलं, “काय न्हाय.” आणि घर येईपर्यंत हसत होतो.

पुढच्या हंगामात नव्या तक्त्यावर पास झालो, किल्ली परत मिळाली. चष्मा कालव्यात टाकला. डॉक्टरांनी त्यांची चूक वर कळवली, बोलणी खाल्ली. माझी मी कुठंच कळवली नाही. त्या मुलांच्या आईबापांनी रोज सकाळी मुलं माझ्या हाती दिली होती. खरं काय होतं ते सांगायचं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून एकाही घरी गेलेलो नाही.