गावंडे वकिलांची बाजू

शनिवारी गावंडे सर कोर्टात पायी येत. एरवी त्यांची जुनी स्कूटर बाररूमबाहेर कडुनिंबाखाली उभी असे. शनिवारी ती घरी राही. मी त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून नवीनच लागले होते. मला वाटलं, काही व्रत असेल. विचारलं तर ते सरळ म्हणाले, "संध्याकाळी मित्राकडे बसतो मी. दोन पेग घेतो. घेतल्यावर मानसाची अक्कल कमी होते, म्हून अक्कल हाय तवाच गाडी घरी ठिवतो."

अकोल्यात पिणारे वकील पुष्कळ आणि न पिणारेही पुष्कळ. पण आपण पितो हे नव्या ज्युनियर मुलीला इतक्या साध्या आवाजात सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. गंमत अशी की त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या केसेस दारू पिऊन गाडी चालवल्याच्याच असत. ऑटोवाले, टेम्पोवाले, लग्नाहून परतताना पकडलेले मामा-काका, सगळे त्यांच्या टेबलापाशी यायचे. नवीन अशील बसला की, तो प्यायला होता की नाही, हा सरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पेला होता का?" तो आढेवेढे घेऊ लागला तर कागद परत त्याच्याकडे सरकवत. "डॉक्टरपाशी अन् वकिलापाशी खोटं बोलशीन त दोघंही तुले वाचवू शकत नाहीत," असं म्हणून पुढच्याला बोलावत.

बाररूममधले काही जण त्यांना 'बेवड्यांचा वकील' म्हणायचे. सरांच्या कानावर ते होतंच. ते म्हणायचे, पोलिसाच्या हातात श्वासातली दारू मोजायची मशीन दिली की आपल्याला वाटतं आता सगळं मशीनच सांगणार. पण मशीन कोणासमोर धरायची, हे माणूसच ठरवतो. पोलिसाने रस्त्यावर थांबवलं तर नागरिकाने थांबलंच पाहिजे, यावर त्यांचं दुमत नव्हतं. पण का थांबवलं हे त्याला कळलं पाहिजे, यावरही नव्हतं.

सलीमभाईंची केस मला त्यांच्याकडे पहिल्या वर्षी पाहायला मिळाली. सलीमभाई शाळेच्या मुलांची ऑटो चालवायचे. नाकाबंदीत त्यांना उतरवून मशीनमध्ये फुंकायला लावलं. आधीच्या चार-पाच जणांनी तोंडाला लावलेलीच नळी. आकडा वर आला. सलीमभाई म्हणत राहिले, मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, माझं रक्त तपासा. दवाखान्यात त्यांना कोणी नेलं नाही. उलट ऑटोसमोर उभं करून कोणीतरी फोटो काढला आणि तो गावभर मोबाईलवर फिरला. आठवड्याच्या आत सगळ्या पालकांनी मुलं दुसऱ्या ऑटोत घातली.

कोर्टात साक्षीला तायडे हवालदार आले होते. उंच, शांत माणूस. सरांनी आवाज न चढवता विचारलं, हवालदारसाहेब, नळी बदलली होती का? तायड्यांनी जरा थांबून खरं सांगितलं, नळ्या संपल्या होत्या. रक्त तपासायला नेलं नव्हतं, हेही त्यांनी कबूल केलं. सलीमभाई सुटले. पण पायऱ्या उतरताना ते रडवेले झाले होते. म्हणाले, "साब, मैं तो छूट गया. फोटो कैसा छूटेगा?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. निकालाची नक्कल अजून हाती यायची होती, तरी सर सलीमभाईंना सोबत घेऊन त्या पालकांच्या घरोघर गेले. मीही होते. प्रत्येक दारात सर सांगत, मी यांचा वकील, कोर्टाने यांना निर्दोष सोडलं आहे, तुम्हाला काही विचारायचं असेल तर मला विचारा. कोणी पाणी दिलं, कोणी दारातूनच बरं बरं म्हटलं. एका आईने मात्र सलीमभाईंना विचारलं, सोमवारी किती वाजता याल? तिच्या दोन मुली पुन्हा त्या ऑटोत बसू लागल्या. बाकीची मुलं कधीच आली नाहीत. "सुटका कोर्ट देते," सर परतताना म्हणाले, "इज्जत नाही देत. थे आपल्यालेच दारोदार मागा लागते."

त्यानंतर दोनेक वर्षांनी प्रवीण आला. कृषी केंद्रवाल्या मोठ्या घरचा, पंचविशीतला मुलगा. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, हो, चांगलीच घेतली होती. त्याच्या केसचे कागद चाळताना मलाच एक गोष्ट दिसली. मशीनच्या चिठ्ठीवरची वेळ त्याची गाडी अडवल्याच्या वेळेच्या आधीची होती. म्हणजे एक तर मशीनचं घड्याळ चुकलेलं किंवा ती चिठ्ठी दुसऱ्याच कोणाची. पोलिसांना ते सांगता आलं नाही. रक्ताचा नमुना घेतलेलाच नव्हता. प्रवीण सुटला.

बाहेर व्हरांड्यात तायडे हवालदार उभे होते. त्यांनी सरांना नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, तुमी कागद उचलता. आमाले रस्त्यावरून मानसं उचला लागतात." त्या दिवशी सरांनी जेवणाचा डबाही उघडला नाही, एवढं मला आठवतं.

पुढे सोयाबीनच्या सवंगणीच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत, अकोटहून हिवरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रवीणच्या गाडीने एका बाईला उडवलं. पुष्पाबाई वानखडे शेतातून पायी घरी चालल्या होत्या. जागीच गेल्या. या वेळी प्रवीणला गावकऱ्यांनी गाडीतून बाहेर काढलं तेव्हा त्याला उभंही राहता येत नव्हतं.

प्रवीणचे वडील आमच्याकडेच आले. त्यांना दुसरं कोणी नको होतं. सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "पोराले वकील भेटलाच पाहिजे. चांगला भेटला पाहिजे. पन थो मी नाही." एका जाणत्या वकिलाचं नाव त्यांनी स्वतःच सुचवलं. वडील गेल्यावर बराच वेळ ते सरकारी गॅझेटची जुनी पानं उगाच उलटत बसले. मग मला म्हणाले, उद्या हिवरखेडला जायचं आहे, येतेस का?

आम्ही एसटीने गेलो. वाटेत मी त्यांना विचारलं, तिथे जाऊन तुम्ही काय म्हणणार? ते म्हणाले, मलाही अजून ठाऊक नाही.

पुष्पाबाईंचे पती रामकृष्ण वानखडे ओसरीवर बसले होते. पन्नाशीचा माणूस; डोक्याचे केस नुकतेच काढलेले. सरांनी आपलं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की प्रवीणची आधीची केस मीच लढलो, माझ्यामुळे तो सुटला. रामकृष्णांचा एक भाऊ उठून उभा राहिला. त्यांनी त्याला हाताने खाली बसवलं.

"तवा थो पेलेला होता का?" त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, "थे मले सांगता येत नाही. अशिलानं सांगितलेलं वकिलाले कोनाले सांगता येत नाही."

सरांनी उत्तर दिलं नव्हतं, तरी रामकृष्णांना ते मिळालं असावं. "मंग इथं कावून आले? माफी मागाले?"

"नाही," सर म्हणाले. "माफी मागितली त खोटी होईन. त्या दिवशी कागद खोटे होते अन् कोर्टानं त्याले सोडलं, थे बरोबरच झालं. पन त्या बरोबर गोष्टीतून तुमच्या घरी हे झालं. म्हून तुमच्या पुढी येऊन बसल्याबिगर मले दुसरी केस लढता येत नाही."

मला वाटलं, आता हे आम्हाला हाकलतील. चहा कोणी विचारला नाही. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, पलीकडे कोणीतरी थ्रेशर चालू केला होता. रामकृष्णांनी मग हळूच विचारलं, पोलिसांनी काय केलं असतं तर तो त्या वेळी सुटला नसता? सरांनी त्यांना सगळं सांगितलं: मशीनचं घड्याळ रोज तपासायला हवं, नवी नळी त्याच्यासमोर उघडायला हवी, आकडा त्याला दाखवून त्याची सही घ्यायला हवी, वाद घातला तर लगेच डॉक्टरकडे न्यायला हवं. शिकलेल्या माणसाला सांगावं तसंच, काही न वगळता. रामकृष्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग हे त्यायले सांगा ना," ते म्हणाले. "मले सांगून काय उपेग?"

आम्ही परतीची गाडी धरली.

त्यानंतर त्यांनी जे केलं, त्यावरून बाररूममध्ये बरेच दिवस कुजबुज चालली. ते वाहतूक पोलिसांच्या साहेबांना भेटले आणि म्हणाले, मी तुमच्या माणसांना शिकवतो. आरोपीच्या वकिलाला केसमध्ये भोक कुठे सापडतं, ते मी दाखवतो. साहेबांना आधी ही वकिलाची काहीतरी चाल वाटली. मग कोणीतरी, बहुतेक तायड्यांनीच, त्यांची खात्री पटवली.

मी पहिल्या दिवशी बरोबर होते. पंधरा-वीस शिपाई खुर्च्यांवर हाताची घडी घालून बसले होते. गेली अनेक वर्षं या माणसाने त्यांना पिंजऱ्यात उभं करून घाम फोडला होता. सरांनी कायद्याचं पुस्तक उघडलंच नाही. त्यांनी तायड्यांना दारू प्यायलेला माणूस व्हायला सांगितलं आणि स्वतः शिपाई झाले. तायड्यांनी अशी झोकांडी खाल्ली की सगळे हसले, आणि मग ऐकू लागले. सर सांगत होते: आधी नमस्कार करा. का थांबवलं ते सांगा, गाडी वाकडी चालली होती, वास आला, जे असेल ते. मळके कपडे पाहून थांबवू नका. सरसकट थांबवणार असाल तर मोठ्या गाडीलाही थांबवा. फोटो काढू नका. "त्याची इज्जत राखसान त कोर्टात तुमची इज्जत राह्यते," ते म्हणाले.

मागून एकाने विचारलं, साहेब, एवढं सगळं करेपर्यंत तो शिव्या देतो, मंत्र्याला फोन लावतो, त्याचं काय? सरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. ते म्हणाले, खरं आहे, तुमचं काम माझ्यापेक्षा अवघड आहे. मी हे सगळं पंख्याखाली बसून सांगतो आहे.

एक ज्येष्ठ वकील त्यांना तोंडावर म्हणाले, गावंडे, तू आपल्याच लोकांच्या पोटावर पाय देऊन राहिला. सर म्हणाले, "माह्या अशिलाले न्याय भेटला पाहिजे, यासाठी मी भांडतो. तो सुटलाच पाहिजे असं मी कोनाले बोललो?" त्यांच्याकडे येणाऱ्या केसेस कमी झाल्या. ज्या आल्या त्यातल्या काही ते हरले. एकदा तायड्यांची उलटतपासणी संपवून ते खाली बसले तेव्हा विचारायला काहीच उरलं नव्हतं. नळी, वेळ, सही, डॉक्टर, सगळं जागच्या जागी. अशील चिडून निघून गेला. सर मात्र व्हरांड्यात तायड्यांचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं. अमरावतीला दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणलं. कोर्ट बंदच झालं होतं त्यांचं. मी भेटायला जायचे, केसेसचं सांगायचे. एका दुपारी मी धीर करून विचारलं, सर, प्रवीणच्या त्या निकालाचं तुम्हाला कधी वाईट वाटतं का?

"रोज वाटते," ते म्हणाले. बोलताना त्यांना दम लागत होता. "अन् निकाल बरोबरच होता, असंही रोजच वाटते. दोन्ही खरं हाय, बेटा. यातलं एक सोडून देशीन त वकिली लय सोपी होईन. सोडू नोको."

दसऱ्याच्या आधी ते गेले. स्मशानात एका बाजूला वकील आणि दुसऱ्या बाजूला वाहतूक पोलीस उभे होते. सलीमभाई होते. हिवरखेडहून रामकृष्ण वानखडे आले होते, ते लोकांच्या मागे उभे राहिले आणि कोणाशी न बोलता निघून गेले.

आता त्या केसेस माझ्याकडे येतात. परवा अशीच एक मी जिंकले. नाकाबंदीवर कोणी नवीन मुलगा होता, त्याने आकडा दाखवलाच नव्हता. न्यायाधीशांनी आरोपीला सोडलं आणि ते योग्यच होतं. अशील पेढे घेऊन आला. मी एक घेतला आणि त्याला विचारलं, घरी कसे जाणार? तो हसून म्हणाला, मॅडम, आज तर पार्टी आहे, पण गाडी मित्र चालवणार, तो पीत नाही. तो जिना उतरला. मी हातातली फाईल टेबलावर ठेवली, त्याच्या मागोमाग कोर्टाच्या फाटकापर्यंत गेले आणि स्टेअरिंगवर कोण बसतं ते डोळ्यांनी पाहून मगच वर आले.