विन्सेंतीचे उलटे मनोरे

आमच्या गल्लीत चॉकलेट खाल्लं की कागद कोणी फेकत नाही. तो नखाने सपाट करायचा आणि तिसऱ्या मजल्यावर विन्सेंती स्रोकाच्या दारात ठेवायचा. त्याच्या शोपक्यापायी माझं वजन किती वाढलं ते डॉक्टरांना विचारा, मी काट्याकडे बघत नाही.

शोपका म्हणजे येशूजन्माचा देखावा. पण आमच्या क्राकुफ शहराचा बाळ येशू गोठ्यात जन्मत नाही. तो जन्मतो वावेल टेकडीवरच्या सोनेरी घुमटाखाली, कापडबाजाराच्या कमानीत, आणि वर मारियाच्या चर्चचे दोन मनोरे, एक उंच, एक ठेंगणा. जे बघायला पाहुणे लांबून येतात ते सगळं पुठ्ठ्याचं आणि चांदीच्या कागदाचं करून टेबलावर उभं करायचं. पूर्वी हिवाळ्यात बांधकामं बंद पडली की गवंडी हा उद्योग करत. विन्सेंती गवंडीच, त्याचा बापही गवंडी.

आम्ही एकाच जिन्यावर वाढलो. पुढे मी चौकात पावाची गोल कडी विकायला लागले आणि त्याने गेनियाशी लग्न केलं. गेनियाचे गुडघे गेले तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. तिचा पलंग खिडकीसमोर आहे. आमची इमारत चर्चच्या मागच्या अंगाला, त्यामुळे तिला मनोऱ्यांची पाठ दिसते.

मागच्या शरद ऋतूत विन्सेंतीचे हात थरथरायला लागले. "हा शेवटचा शोपका," त्याने जाहीर केलं.

"दर वर्षी हेच म्हणतोस," मी म्हटलं.

"दर वर्षी हात शाबूत होते, ब्रोन्या."

गेनियाने मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "याच्या हातातलं काम सुटलं ना, तर हा पण माझ्यासारखा खिडकीत बसेल. एका घरात खिडकीत बसणारं एकच माणूस पुरे."

म्हणून या खेपेला तिने पलंगावर बसून मनोरे केले आणि कुठला कुठे ते मांडून दिलं. उंच मनोऱ्यात तारेवर कागदी तुतारीवाला बसवला, तोही हात हलवणारा, खऱ्या मनोऱ्यातून दर तासाला तुतारी वाजवणाऱ्यासारखा. विन्सेंतीने नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला बसून दिवे जोडले आणि एकेक भाग चिकटवला.

डिसेंबरातल्या पहिल्या गुरुवारी सगळे शोपकेवाले आपापलं शहर उचलून चर्चसमोरच्या मोठ्या चौकात येतात आणि स्पर्धेसाठी तिथल्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर मांडतात. आमचा शोपका मीच पुढून धरून आणला, ऊनसुद्धा तोंडावर होतं, पण मी बघत होते पायाखालचा बर्फ. बाराला चर्चच्या मनोऱ्यातून तुतारी वाजली, तशा सगळ्यांच्या माना वर गेल्या, डाव्या मनोऱ्याकडे. माझीही गेली. मग नजर खाली शोपक्यावर आली. आमचा तुतारीवाला उजवीकडे होता. उंच मनोरा उजवीकडे, ठेंगणा डावीकडे! क्राकुफच्या शेंबड्या पोरालाही कळतं की चौकातून बघताना उंच मनोरा डावीकडे असतो.

"विन्सेंती! अरे, डोळे फुटले का तुझे? मनोरे बघ!"

"हळू बोल. काल संध्याकाळी शोपक्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं तेव्हाच दिसलं मला."

"मग बदलले का नाहीस?"

"गेनियाने जसे मांडून दिले तसे मी लावले. ती बिचारी खिडकीतून तेवढंच बघते, पाठीमागून. तिकडून उंच मनोरा उजवीकडेच दिसतो ना? उपटून पुन्हा लावताना तिने पाहिलं असतं. तिला यातलं काही कळता कामा नये. शपथ घे."

मी शपथ घेतली. परीक्षक बाई आल्या, वाकून बघत राहिल्या आणि विचारलं, "मनोरे असे का हो?"

"आमच्या घरून असेच दिसतात," विन्सेंती म्हणाला. आजूबाजूचे शोपकेवाले गालात हसले. त्याचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही. मला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला, आणि तितकीच धास्तीही. एवढं हसं झाल्यावर हा माणूस पुन्हा कात्री कशाला हातात घेईल?

रविवारी निकाल लागला. आमचं नाव त्यात नव्हतं. मी बीटचं सार घेऊन वर गेले. विन्सेंती पाव आणायला उतरला होता.

"खरं सांग," गेनिया म्हणाली, "लोक फार हसले का गं त्याला?"

"कशाला हसतील?"

"मनोरे उलटे लागलेत ना."

मी भांडं टेबलावर ठेवलं. "तुला माहीत होतं?"

"मी बरोबरच मांडले होते. माझं बालपण मोठ्या चौकात गेलंय, मला मनोरे शिकवतेस? हा मागे बसला होता, उंच मनोरा आपल्या डाव्या हाताला लावून मोकळा झाला. मला इथून, समोरून, तो उजवीकडे दिसत होता. पण किती दिवसांनी त्याचा हात स्थिर होता गं. मला टोकवेना. त्याला सांगू नकोस हं."

तिच्यापुढेही मी शपथ घेतली. आता दोन्हीकडून माझ्या तोंडाला कुलूप!

फेब्रुवारी सरता सरता स्पर्धेतल्या शोपक्यांचं प्रदर्शन संपलं. मी आणि विन्सेंतीने शोपका तिसऱ्या मजल्यावर चढवला आणि खिडकीच्या कठड्यावर, पलंगाकडे तोंड करून ठेवला. गेनिया उशीवर टेकली होती. शोपक्याच्या मागे, काचेपलीकडे खरे मनोरे उभे होते. तिथेही उंच उजवीकडे, इथेही उंच उजवीकडे.

तेवढ्यात तुतारी वाजली. विन्सेंतीने तार ओढली आणि आमच्या कागदी तुतारीवाल्याने गेनियाला हात केला.

"अगदी बरोबर लावलेत," ती म्हणाली.

"तूच तर मांडून दिले होतेस."

मला हसूही येईना आणि रडूही आवरेना. मी खिशातलं चॉकलेट काढून तोंडात कोंबलं आणि कागद सवयीने टेबलावर ठेवला. मग लक्षात आलं, आता तो कोणाला हवाय? उचलायला हात पुढे केला, तर विन्सेंतीने त्यावर आपला थरथरता पंजा ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला आणि नखाने सपाट करू लागला.