नव्वद अंशांचा शुक्रवार

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन एकदाच होतं, किस्से मात्र रोज होतात. भोरला फिजिओथेरपीच्या बाकावर पँट वर करून तासभर बसल्यावर माणूस दुसरं काय गोळा करणार? खालचा शब्दन् शब्द खरा आहे, माझ्या नव्या लिगामेंटची शपथ! आता ते नवं नाही म्हणा. माझ्याच मांडीमागची दोरी काढून आत बसवलीय. म्हणजे शपथेपासूनच थोडी गडबड आहे.

बाकावर आम्ही तिघं. मी मार्गासनीचा, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पोरांना कबड्डी दाखवायला गेलेला. शिवऱ्याचे चहावाले बापू, मोटारसायकलवरून पडलेले. आणि पासलीच्या सुमनताई, भाताच्या खाचरात बांधावरून घसरलेल्या.

सुमनताईंचं अवघड होतं. गुडघा ऐंशीच्या पुढं वाकेना. सर्जननं बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत नव्वद अंश झाले नाहीत तर पुन्हा भूल द्यायची आणि जोर लावून वाकवायचा.

"आन् मी उटलेच न्हाई तर?" त्या विचारायच्या. फिजिओथेरपीच्या मॅडमचा हात लागायच्या आधीच त्यांची मांडी दगड व्हायची. मी आणि बापू मग पंख्याकडं बघत बसायचो.

*

भिण्यात आम्हीही कमी नव्हतो. एकदा घरी व्यायाम करताना आवाज आला, कट्! मी दोन्ही हातांनी गुडघा धरला. "अगं, आतला स्क्रू सुटला!"

बायकोनं मानसुद्धा वर केली नाही. "गवार मोडतीया मी. गप पाय वाकवा!"

*

बापूंच्या गुडघ्याखाली घरच्यांनी तीन आठवडे मऊ उशी ठेवली. पाय सरळच होईना.

"उशी कुणाची आयडिया?" मॅडमनी विचारलं.

"मंडळींची. मायेनं ठिवली ओ."

"मग आजपासून माया टाचेखाली ठेवायची!"

*

चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा, हे पाठ केलेलं. तरी एसटीच्या दारात दांडा धरून मी गोठलो. मागं माणसं खोळंबली.

"ओ काका, चढताय का उतरताय?" कंडक्टर ओरडला.

"ठरवतोय!"

*

शुक्रवारी सुमनताई उपाशी आल्या. "भूल द्यायची झाली तर पोट रिकामं लागतंय," म्हणाल्या.

मॅडमनी त्यांना पालथं झोपवलं, टाच हळूहळू वर घेतली. ब्याऐंशी. चौऱ्याऐंशी. तिथंच अडलं. सुमनताईंच्या मुठीत चादर, डोळे गच्च, तोंडातून आवाज नाही.

"सैल सोडा, ताई."

"सुटत न्हाई ओ मॅडम." त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "भाऊ, माज्यानं वरडवत न्हाई. तुमी वरडा."

मी ओरडलो! असा ओरडलो की खालचा मेडिकलवाला अनवाणी वर पळत आला आणि बापू "कोण गेलं? कोण गेलं?" करत उठून उभे राहिले, तेही कुबडीशिवाय! सुमनताईंना हसू फुटलं. सगळं अंग हलायला लागलं.

मॅडमनी कोन मोजायची पट्टी लावली. पुन्हा लावली.

"ब्याण्णव!"

आता यातलं खोटं तेवढं सांगून टाकतो. "तुमी वरडा" असं सुमनताई म्हणाल्याच नव्हत्या.