आभारातलं नाव

डॉ. सतीशने मानेसाहेबांना फसवलं, आणि संस्थेने ते डोळ्यांदेखत होऊ दिलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण गेली काही वर्षं मी ते लोकांना समजावून दमलोय. लोक ऐकतात, कॉफी पितात आणि विचारतात, "पण चोरलं काय? पैसा तर नाही ना?" पैसा असता तर मी एका दुपारात वसूल करून आणला असता. माझा धंदाच घासाघिशीचा आहे.

डॉ. गणपतराव माने म्हैसुरातल्या एका खगोलसंस्थेत उपकरणं बनवत. तारे बघणारे शास्त्रज्ञ वेगळे आणि तारे बघायची यंत्रं बनवणारे वेगळे, हे मला त्यांच्यामुळे कळलं. दुर्बीण दूर डोंगरावर असते. तिने गोळा केलेला उजेड रंगांत फोडून त्यातल्या रेघा टिपणारं यंत्र तिच्या पाठीला बांधतात. त्याला स्पेक्ट्रोग्राफ म्हणतात. तो साहेबांनी बनवला, आणि त्याचा धातूचा सांगाडा म्हैसुरातच, हेब्बाळच्या माझ्या वर्कशॉपमध्ये झाला. मी शिंप्याच्या घरातला. वडिलांची कात्री सोडून लेथवर उभा राहिलो आणि स्वतःच्या हिमतीवर शेड घातली. साहेबांचं घराणं जुन्या म्हैसूर संस्थानाच्या घोडदळातलं. दोघांच्याही घरी मराठी, पण कन्नडचा हात धरल्याशिवाय ती चार पावलं चालत नसे.

साहेब पहिल्यांदा आले ते कंपन्यांच्या बस सुटायच्या वेळी, स्कूटरवरून, डोक्यावरचं हेल्मेट न काढताच आत. ड्रॉइंग पसरलं. संस्थेचा माणूस म्हणून मी दर चांगलाच चढवून सांगितला. तो खाली आणायला त्यांनी भांडावं, मी थोडं उतरावं, अशी आमच्यात रीत. साहेब म्हणाले, "आयतु, ठरलं. दर तुमचा, माप माझं."

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. "साहेब, थोडं तरी भांडा."

"भांडणार की. माल आल्यावर बघा."

आणि भांडले. उजेड ज्या नळीतून जायचा ती आतून काळी करायची होती. मी करून दिली, त्यांनी परत आणली. पुन्हा केली, पुन्हा परत. टॉर्च लावून, नळीला डोळा लावून म्हणाले, "नारायणराव, हा काळा नाही. हा पोलिसांचा खाकी आहे."

"काळ्याहून काळं काय असतं?"

"आत शिरलेला उजेड जिथून परत येत नाही ते."

मी नळी बाकावर आपटली. माझा आवाज रस्त्यापलीकडच्या फॅक्टरीत गेला असेल. साहेब शांतपणे कोपऱ्यावर गेले आणि बाय-टू कॉफी घेऊन आले. अर्धा पेला माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "रागावर कॉफी चालते, अल्वा? हो ना?" नळी मी पुन्हा काळी केली. त्या वेळी मात्र तिच्यात बघताना विहिरीत बघितल्यासारखं वाटलं.

पण त्यांचं खरं वेड होतं वाकण्याचं. दुर्बीण आकाशाच्या एका बाजूकडून दुसरीकडे वळली की पाठीवरचं यंत्र स्वतःच्याच वजनाने केसभरही नाही इतकं वाकतं. तेवढ्याने ताऱ्याची रेघ सरकते, आणि बघणाऱ्याला वाटतं की ताराच हलला. हे वाकणं पुरतं मोजल्याशिवाय यंत्रावरचा मुख्य पेपर छापायचा नाही, असं साहेबांनी ठरवलं होतं. मी म्हणायचो, "छापून मोकळे व्हा. दुरुस्ती मागाहून." ते म्हणायचे, "उजेड एवढ्या लांबून आलाय. आपण स्वल्प थांबलो तर काय जातं?"

काय गेलं ते सांगतो. यंत्र डोंगरावर चढलं, ठिकठिकाणचे शास्त्रज्ञ त्यावर काम करायला येऊ लागले. त्यांना ते चालवता यावं म्हणून साहेबांनी एक पुस्तिका लिहिली आणि दर वेळी वाकण्याचं नवं माप मिळालं की ती सुधारत राहिले. मुखपृष्ठावर नाव फक्त संस्थेचं. मी विचारलं तर म्हणाले, "यंत्र संस्थेचं, पुस्तिकाही संस्थेची. त्यात माझं नाव कशाला?"

या लोकांच्या धंद्यात एक रीत आहे. तुमच्या पेपरचा उल्लेख दुसऱ्याने आपल्या पेपरात केला की तो तुमच्या नावावर जमा होतो. कम्प्युटर हे उल्लेख मोजतो, आणि बढती कोणाला, पुढचं यंत्र कोणाला, हे त्या आकड्यावर ठरतं. बाजारात पत असते तसंच. फरक एवढाच की कम्प्युटर पुस्तिका मोजत नाही. सगळी दुनिया साहेबांची पुस्तिका वाचून काम करत होती आणि साहेबांच्या नावावर काहीच जमत नव्हतं.

सतीश त्यांचा विद्यार्थी. हुशार, बोलायला गोड, माझ्या शेडमध्ये आला की मला 'काका' म्हणायचा. यंत्रावरून मिळालेले पहिले निष्कर्ष त्याने छापायचे ठरवले. साहेबांना म्हणाला, "सर, मुख्य पेपर तुमचाच. मी यंत्राचा नुसता सारांश देतो." तो सारांश म्हणजे पुस्तिकेतली पानंच्या पानं होती. लेखकांत साहेबांचं नाव नव्हतं. शेवटी एक ओळ होती, डॉ. माने यांच्या मदतीबद्दल आभार. स्वतः बनवलेल्या यंत्राला मदत!

त्या दिवसापासून यंत्राचा उल्लेख करायचा झाला की लोक सतीशच्या पेपराकडे बोट दाखवू लागले. साहेबांचं वाकणं मोजून झालं, पेपर तयार झाला, त्यांनी पाठवला. नियतकालिकाने परत केला. या यंत्राचं वर्णन आधीच प्रसिद्ध आहे, यात नवीन काय, असं त्यांचं म्हणणं.

मी साहेबांच्या घरी जाऊन ओरडलो. "तक्रार करा. मी येतो संस्थेत."

"बिडी," साहेब म्हणाले. म्हणजे सोडून द्या. "पोरगा आहे. त्यालाही नोकरी टिकवायची आहे."

साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आतून म्हणाल्या, "ताऱ्याची रेघ केसभर हलली तर यांना झोप नाही. स्वतःचं नाव उचलून नेलं तर बिडी."

साहेब हसले. असं हसणारा माणूस फार दमवतो हो. त्याच्या वाटचं आपल्यालाच रागवावं लागतं.

पुढे संस्थेने दुसरा, मोठा स्पेक्ट्रोग्राफ करायचं ठरवलं. साहेबांना एवढं एकच हवं होतं. घर नको, पद नको, पहिल्या यंत्रात जे चुकलं ते दुसऱ्यात बरोबर करायला मिळावं. आराखडा तर त्यांनी आधीच काढून ठेवला होता आणि संस्थेला दिलाही होता. समितीत कोणीतरी म्हणालं, डॉ. मान्यांच्या कामाचा प्रभाव आकड्यात दिसत नाही. काम सतीशला मिळालं. साहेबांना सल्लागार केलं आणि एकाही बैठकीला बोलावलं नाही. ते तसेच निवृत्त झाले आणि शहराबाहेर हूटगळ्ळीला, अर्धवट बांधलेल्या घरांच्या रांगेत राहायला गेले.

काही महिन्यांनी माझ्या शेडमध्ये दरपत्रकासाठी ड्रॉइंग्ज आली. मोठा स्पेक्ट्रोग्राफ. पहिल्याच पानावर मी ओळखलं. आधाराचे खांब सारख्या अंतरावर न ठेवता वजनाच्या बाजूला दाटीने ठेवायचे, ही साहेबांची पद्धत. मी आयुष्यभर तीच कापत आलोय. कोपऱ्यातल्या चौकटीत आराखडा करणाऱ्याचं नाव होतं डॉ. सतीश.

तसाच बाईकवर हूटगळ्ळीला गेलो. साहेबांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. शाल घेऊन बाहेर बसले होते, समोरच्या रस्त्यावरची धूळ खात. मी ड्रॉइंग मांडीवर ठेवलं आणि वाट बघितली. आज तरी हा माणूस चिडेल.

त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत गेले आणि एका खांबावर थांबले. "अय्यो. ही जुनी आवृत्ती आहे. हा आधार मी नंतर हलवला होता. हे वाकणार, नारायणराव."

"वाकू दे."

"असं कसं?"

"वाकू दे, साहेब. मी स्वतः कापून देतो. वाकल्यावर कळेल सगळ्यांना बुद्धी कोणाची होती ते."

"आणि यावर काम करणारी पोरं? त्यांनी आपलं काय बिघडवलंय? खोट्या रेघा मोजत बसतील बिचारी." त्यांनी वहिनींकडून फोन मागवला आणि माझ्यासमोर सतीशला लावला. कोणता खांब, किती सरकवायचा, का सरकवायचा, सगळं सांगितलं. बोलताना धाप लागत होती, पण थांबले नाहीत. पलीकडून आवाज आला, "थँक्यू सर. टीमला सांगतो. तब्येत सांभाळा सर."

मी ओरडलो, "त्या चौकटीतलं नावही हलव म्हणावं."

साहेबांनी फोनवर हात ठेवला, मग बंदच केला. "सुम्ने, उगाच रक्तदाब वाढवू नका. ऑपरेशन माझं झालंय."

"तुम्ही मेल्यावर कोण सांगणार हे?"

"यंत्र नीट चाललं की झालं," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. थकले होते. मीही थकलो होतो. ड्रॉइंग्ज मी दर न लिहिता परत पाठवली. काम दुसऱ्या कोणीतरी केलं. यंत्र डोंगरावर चढायच्या आधी साहेब गेले. दहनाला संस्थेतून एक हार आला.

आता त्या यंत्रावरचा पेपर आला आहे. माझ्या मुलीने मला वाचून दाखवला. लेखकांची यादी अर्धं पान भरते. सरकवलेल्या आधाराबद्दल एक पूर्ण परिच्छेद आहे, ही या यंत्रातली महत्त्वाची नवी कल्पना आहे म्हणून. उल्लेखांची संख्या रोज वाढतेय म्हणे. शेवटी आभार आहेत आणि त्यात साहेब आहेत, नावाआधी 'कै.' लावून.

मी संचालकांना भेटलो. ते नम्रपणे म्हणाले, "नारायणराव, विज्ञान हे सामूहिक काम आहे."

"मग एवढ्या समूहात एक माणूस कसा मावला नाही?"

त्यांनी घड्याळ बघितलं.

छापलेल्या पेपरात चूक निघाली तर त्याच नियतकालिकात दुरुस्ती छापता येते, आणि लेखकांच्या यादीत राहिलेलं नाव घालता येतं, हे मी आता चौकशी करून घेतलं आहे. त्याला खर्च नाही, फक्त सतीशची एक सही आणि संचालकांची संमती लागते. वहिनींनी तेवढंच मागितलं आहे, पण संस्थेकडून त्यांना अजून उत्तर आलेलं नाही. डॉ. सतीश, तो आधार हलवायला तुम्हाला कोणी सांगितलं? मी तिथे बसलो होतो, तुमचा आवाज मी ऐकला आहे. मला काका म्हणायचात, तर या काकाला तोंडावर सांगा, आणि जे सांगाल ते छापा.